जंतूंची साक्ष

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हाती बदलीचा हुकूम पडला की, नव्या गावाविषयी जी पहिली चौकशी घरात होते ती बंगल्याची नव्हे, शाळेचीही नव्हे, ती पाण्याची. ‘तिथलं पाणी कसं आहे हो?’ असे आपली गृहिणी आपल्या आधी तिथे राहून आलेल्या कुटुंबास हटकून विचारते. पाणी लागणे, पाणी बाधणे, पाणी मानवणे हे आपल्या भाषेतील प्रयोग काही उगाच रूढ झालेले नाहीत. बारा गावचे पाणी प्यालेल्या माणसास आपण चतुर समजतो. परंतु त्या बारांपैकी एखाद्या गावचे पाणी त्याच्या हाडीमासी कायमचे मुरून राहिले असेल, ही शंका सहसा कोणी घेत नाही. पाणी उकळावे, गाळावे, तुरटी फिरवावी आणि निर्धास्त व्हावे, अशी आपली शिकवण आहे.

ही शिकवण खोटी नाही, पण अपुरी आहे. उकळल्याने जंतू मरतात. सोमल मरत नाही. उलट पाणी आटले म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. सोमल, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला आर्सेनिक म्हणतात ते द्रव्य, पाण्यात विरघळले असता डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, नाकाला जाणवत नाही. रसायनशास्त्रात त्याचे स्थान धातू आणि अधातू यांच्या सीमेवर आहे. तथापि पाण्याच्या दूषितपणाचा विचार निघाला की पारा, शिसे, कॅडमियम या जड धातूंच्या पंक्तीतच त्याचे पान मांडले जाते. आपल्याला तो अगदीच अनोळखी नाही. जुन्या पोथ्यांतील चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लेखक जो पिवळा हरताळ लावीत, तो म्हणजे सोमल आणि गंधक यांचेच संयुग. आणि एखाद्या केल्या कामावर हरताळ फासला गेला असे आपण आजही म्हणतो.

असे हे विष पाण्यात आहे की नाही, याची वार्ता माणसास कोणी द्यावी? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कारण ज्या जंतूंना आपण पाण्याचे वैरी म्हणून शतकभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांनाच पुढे साक्षीसाठी बोलवावे लागले. ही हकीकत बरीचशी बंगालच्या भूमीवर घडली. त्या प्रांतात आणि गंगाकाठच्या जिल्ह्यांत आपल्यापैकी कित्येकांची उमेदीची वर्षे गेली आहेत. म्हणून ती येथे सविस्तर सांगावीशी वाटते.

१

पाण्यावर पहिला आरोप सूक्ष्मदर्शकाने ठेवला. १८५० साली आर्थर हिल हॅसल या इंग्रज वैद्याने लंडनच्या नळाचे पाणी काचेखाली धरून त्यातील सजीवांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा सुशिक्षित लंडनकरांस शिसारी आली. परंतु त्या सजीवांपैकी रोग कोणापासून होतो, हे त्या वेळी कोणीच सांगू शकत नव्हते. ते सांगण्याचा मान कलकत्त्याच्या वाट्यास आला. १८८३ च्या डिसेंबरात रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ पटकीच्या शोधार्थ इजिप्तहून कलकत्त्यास येऊन दाखल झाला. रोग्यांच्या आतड्यांत त्यास स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू आढळले; आणि पुढे साथ चालू असलेल्या एका वस्तीच्या तळ्यातही तेच जंतू सापडले. त्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. बंगालचे तळे गुन्हेगार ठरले ते तेव्हापासून. कॉखच्या त्या पथकात बर्नहार्ड फिशर नावाचा एक तरुण नाविक डॉक्टर होता. त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

मात्र जंतूंचा उपयोग खबऱ्यासारखाही करून घेता येतो, हे त्याच पिढीच्या लक्षात येऊ लागले होते. १८८५ साली थिओडोर एशेरिक या म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत नित्य आढळणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. हाच पुढे ई. कोलाय या नावाने जगप्रसिद्ध झाला. हा बहुधा निरुपद्रवी प्राणी. पण त्याचे घर आतड्यात. तेव्हा तो विहिरीत सापडला तर विहिरीत मैला झिरपला आहे, हे उघड होते. १८९० नंतर पाणी तपासण्याची ही रीत हळूहळू सर्वत्र रूढ झाली. कोल्कव्हिट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०२ ते १९०९ या काळात याच विचाराचा विस्तार केला. कोणत्या पाण्यात कोणती सूक्ष्म वनस्पती आणि कोणते सूक्ष्म प्राणी नांदतात, याच्या याद्या त्यांनी केल्या, आणि नदी किती घाण झाली आहे ते तिच्यातील रहिवाशांवरून ओळखावे, असे सुचविले. नव्या गावी रुजू झालेला अधिकारी बाजारात कोण कोण बसते ते पाहून गावाची पारख करतो, तसाच हा प्रकार.

या सर्व पद्धतींत जंतूंच्या केवळ असण्या-नसण्यावरून अनुमान निघत असे. जंतूकडून विषाचे नाव वदवून घेण्याचा पहिला यशस्वी प्रयोग रोममध्ये झाला, आणि त्याचे कारण पाणी नव्हते, भिंतीचा कागद होता.

२

१७७५ साली शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि सोमल यांपासून एक सुंदर हिरवा रंग तयार केला. पुढे त्याहूनही झळझळीत असे त्याचे भाऊबंद निघाले, आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपात घराघरांच्या भिंतींवर चिकटविण्याच्या कागदांना हा हिरवा रंग सर्रास लागू लागला. दमट खोल्यांत अशा कागदाला एक विचित्र वास येतो आणि तेथे झोपणारी माणसे आजारी पडतात, अशी तक्रार कानावर येऊ लागली. हायडेलबर्गच्या लिओपोल्ड ग्मेलिन या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच याविषयी जाहीर इशारा दिला होता. पण भिंतीवरचा कोरडा रंग हवेत कसा उतरतो, हे कोडे पन्नास वर्षे तसेच राहिले.

ते बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने सोडविले. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात सोमल मिसळून त्याने तो उघड्यावर ठेवला आणि त्यावर काय उगवते ते पाहिले. ज्या विषाने माणूस मरावा त्यावर काही बुरश्या सुखाने वाढल्या. इतकेच नव्हे तर त्यांच्यापैकी एकीपासून लसणासारखा उग्र वास सुटू लागला. बुरशी सोमल पचवून त्याचा वायू करून सोडीत होती. १८९१ ते १८९३ या काळातील या प्रयोगांनंतर तो वायू ‘गोसिओ-वायू’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे खरे स्वरूप लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजरने १९३३ च्या सुमारास निश्चित केले. त्या वायूमुळे पूर्वी सांगितले जात तितके मृत्यू खरोखर झाले काय, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. परंतु बुरशी वायू करते, यात शंका उरलेली नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. गोसिओने पाहिले की, सोमलाचा अगदी अल्प अंश असला तरी बुरशीचा वास येतोच. मग तीच बुरशी परीक्षक म्हणून का वापरू नये? संशयित पदार्थ घ्यावा, त्यात बुरशी रुजवावी, भांडे झाकून ठेवावे आणि काही काळाने झाकण काढून हुंगावे. लसणाचा वास आला तर सोमल आहे. १८३६ सालापासून न्यायालयांत जेम्स मार्शची रासायनिक परीक्षा प्रमाण मानली जात होती. तिच्या बरोबरीने ही ‘जैव परीक्षा’ शतकाच्या अखेरीस विषप्रयोगाच्या तपासात वापरली जाऊ लागली. जड धातूंच्या पंगतीतील विष शोधून काढण्यासाठी एका जिवंत सूक्ष्म जीवास हेतुतः कामास लावण्याचे हे अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.

तिच्यात उणीव होती ती उघड आहे. बुरशी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगे. ‘किती’ हे सांगत नसे. आणि मोजमापाचे यंत्र म्हणजे माणसाचे नाक. रसायनशास्त्राची उपकरणे झपाट्याने सुधारली, तशी ही परीक्षा मागे पडली. जिवंत साक्षीदार घरी गेला. त्यास परत बोलावण्याची पाळी आणली ती बंगालने.

३

कॉखने दोषी ठरविलेली तळी बंगालच्या खेड्यांतून लगेच हटली नाहीत. पटकी आणि अतिसार यांनी मुले मरतच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्यावर एक साधा, स्वस्त उपाय सापडला. बंगालची भूमी म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेने आणून टाकलेला मऊ गाळ. त्यात चार माणसांनी दिवसाभरात लोखंडी नळी उतरवावी, वर हातपंप बसवावा, की थंड, नितळ, जंतुरहित पाणी हाती येई. पश्चिम बंगालमध्ये पिकांसाठी आणि पिण्यासाठी कूपनलिकांचा प्रसार झाला. बांगलादेशात युनिसेफसारख्या संस्थांनी शासनाच्या मदतीने त्यांची मोहीमच चालविली. पुढे लोक स्वखर्चाने नलिका घेऊ लागले आणि त्यांची संख्या लक्षावधींवर गेली. या मोहिमेमागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. जंतूंपासून लोकांस वाचवावे, हाच तिचा उद्देश होता. आणि जंतूंपुरते पाहिले तर तो योग्यही होता.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडे चोवीस परगण्यातील काही रोगी आले. त्यांच्या छातीपाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके होते आणि तळहात-तळपाय खडबडीत गाठींनी भरले होते. साहांनी हे सोमलाचे विष म्हणून ओळखले, आणि मग त्याचा माग हातपंपापर्यंत पोचला. १९८८ पासून यादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी खेडोपाडी हिंडून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा केले आणि जिल्ह्यामागून जिल्हा नकाशावर आणला. सुरुवातीस त्यांच्या म्हणण्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९९५ साली त्यांनी कलकत्त्यास आंतरराष्ट्रीय परिषद भरविली, तेव्हा कोठे जगाचे कान उघडले. बांगलादेशात पहिली दूषित नलिका १९९३ साली चापाई नवाबगंज भागात आढळली होती.

येथे एक हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण आपल्यासारख्या कागद हाताळणाऱ्यांनी ती विसरू नये. १९९२ साली ब्रिटिश भूगर्भशास्त्र संस्थेने बांगलादेशातील सुमारे दीडशे नलिकांच्या पाण्याची तपासणी केली होती. अहवालात अनेक द्रव्यांचे आकडे होते. सोमलाचा आकडा नव्हता. कारण सोमलाची तपासणीच केली गेली नव्हती. पुढे ब्राह्मणबारिया भागातील एका रहिवाशाने इंग्लंडच्या न्यायालयात फिर्याद लावली. ती चढत चढत लॉर्ड सभेपर्यंत गेली आणि २००६ साली फेटाळली गेली. त्या पाण्याचा घोट घेणाऱ्या माणसाशी अहवाल लिहिणाऱ्या संस्थेचे कायद्याने जबाबदारीचे नाते जडत नाही, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. परंतु तपासणीच्या तक्त्यात जो रकानाच नाही, त्यातला आकडा कोण भरणार, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तक्ता भरणारा प्रामाणिक होता, तपासणारा कुशल होता, अहवाल वेळेवर गेला होता. आणि तरीही लोक विष पीत राहिले.

याच संस्थेने बांगलादेश शासनाच्या सहकार्याने १९९८-९९ साली केलेल्या दुसऱ्या, विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. देशातील ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतील ३,५३४ नलिका तपासल्या होत्या. उथळ नलिकांपैकी शेकडा २७ मध्ये लिटरमागे ५० मायक्रोग्रामहून अधिक सोमल निघाला. मायक्रोग्राम म्हणजे ग्रामचा दहा लक्षांश. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ही मर्यादा ५० वरून १० वर आणली होती. त्या मापाने पाहता दूषित पाणी पिणाऱ्यांची संख्या बांगलादेशात साडेपाच कोटींच्या पुढे जात होती. २००० साली त्या संघटनेच्या नियतकालिकात ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की, एवढ्या मोठ्या लोकसमूहावर विषबाधा होण्याचा प्रसंग इतिहासात दुसरा नाही. तळ्यापासून पळून माणूस नळीकडे गेला, तो असा.

४

सोमल गाळात आला कोठून? हिमालयातून वाहत आलेल्या मातीत तो लोहाच्या कणांना चिकटलेला असतो; तेथे तो निपचित पडून असतो. त्यास पाण्यात सोडले कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मँचेस्टरच्या संशोधकांनी पश्चिम बंगालचा गाळ तपासला आणि २००४ साली आपले निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. जमिनीखाली, जेथे हवा पोचत नाही तेथे, काही जंतू प्राणवायूच्या ऐवजी लोहाचा उपयोग करून जगतात; त्यांच्या या व्यवहारात लोहाचे बंध सुटतात आणि सोमल मोकळा होऊन पाण्यात उतरतो. म्हणजे तळ्यातील जंतूंच्या भयाने आपण जमिनीखाली गेलो, तो तेथेही जंतू आपल्या आधी बसलेले होतेच.

आता प्रश्न लाखो नलिका तपासण्याचा होता. प्रयोगशाळेतील उत्तम यंत्रे महाग आणि शहरात, नलिका खेड्यात. म्हणून हाती नेता येईल अशी रासायनिक पेटी वापरण्यात आली. तिचे तत्त्व गुटझाइटने १८७९ साली घालून दिलेले. पाण्यात जस्त आणि आम्ल घालावे, सोमलाचा वायू व्हावा आणि त्याने पाऱ्याचे लवण लावलेला कागद पिवळा किंवा तपकिरी व्हावा. या पेट्यांनी बांगलादेशात सुमारे ५० लक्ष नलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित नलिकेस हिरवा रंग, विषारीस लाल. काम प्रचंड होते आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचले असतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, कागदाच्या पिवळेपणाच्या छटा डोळ्यांनी ताडण्यात, विशेषतः मर्यादेच्या आसपास, फार चुका होतात. कित्येक लाल नलिका हिरव्या आणि हिरव्या लाल रंगविल्या गेल्या होत्या. शिवाय तपासताना निघणारा वायू तपासणाऱ्यालाच घातक, आणि उरलेले पाऱ्याचे कागद टाकायचे कोठे, हा वेगळाच प्रश्न.

अशा वेळी गोसिओची जुनी कल्पना नव्या वेषात परत आली.

५

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली दीप्तिमान जंतूंची. समुद्रात काही जंतू स्वतःचा मंद निळसर प्रकाश देतात. कॉखबरोबर कलकत्त्यास आलेल्या बर्नहार्ड फिशरने पुढे अशा जंतूंचा अभ्यास केला, आणि १८८९ साली बायरिंक या डच शास्त्रज्ञाने त्यांच्यापैकी एका जातीस फिशरचे नाव दिले. हे जंतू निरोगी असेतो उजळतात. पाण्यात विष मिसळले की त्यांचा दिवा मंदावतो. १९७९ साली अमेरिकेत अँथनी ब्युलिक याने यावर आधारलेली परीक्षा पुढे मांडली, आणि ती ‘मायक्रोटॉक्स’ या नावाने प्रसिद्धीस आली. तीत वापरलेल्या जंतूची गणना पुढे फिशरच्याच जातीत झाली. पाव-अर्ध्या तासात प्रकाश किती घटला ते मोजले की पाणी किती घातक आहे ते कळते. घातक आहे हे कळते. कशामुळे, ते मात्र कळत नाही.

दुसरी गोष्ट जंतूंच्या स्वसंरक्षणाची. १९६० नंतरच्या संशोधनात दिसून आले की, कित्येक जंतू पारा, कॅडमियम, सोमल यांना दाद देत नाहीत. आपला जुना परिचित ई. कोलाय हाही त्यांतलाच. सायमन सिल्व्हर, बॅरी रोझेन आदी संशोधकांनी याची यंत्रणा उलगडली. ई. कोलायच्या देहात सोमल बाहेर फेकणारा एक पंप तयार होऊ शकतो. पण तो तयार करण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकावर एक प्रथिन पहाऱ्यास बसलेले असते. सोमल आत शिरला की तो या पहारेकऱ्याला चिकटतो, पहारेकरी जागा सोडतो, आज्ञा सुटते आणि पंप बांधला जातो. सोमल नसताना पहारेकरी उठत नाही.

आता युक्ती एवढीच की, पंपाच्या आज्ञेशेजारी दुसरी एक आज्ञा जोडून द्यावी: प्रकाश देण्याची, किंवा रंग तयार करण्याची. सागरी जंतूंची प्रकाशाची जनुके ई. कोलायमध्ये बसविण्यात १९८३ सालीच यश आले होते. योगायोग असा की साहांकडे ते रोगी आले तेही हेच वर्ष. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, सेलिफोनोवा, बरलेज आणि बारके या संशोधकांनी पारा ओळखून उजळणारा जंतू सिद्ध केला. सोमलासाठीही असे जंतू निघाले. २००३ साली स्वित्झर्लंडमध्ये यान रूलॉफ फान डर मेर यांच्या चमूने पाण्यातील सोमल ओळखून निळा रंग देणाऱ्या जंतूंची कागदी पट्टीही तयार केली. २००५ साली व्हिएतनाममधील लाल नदी आणि मेकाँग यांच्या खोऱ्यांतील १९४ नमुन्यांवर प्रकाश देणाऱ्या जंतूंची कसोटी झाली. दहा मायक्रोग्रामची मर्यादा धरता, शेकडा आठ नमुन्यांत जंतूंनी विष असून नाही म्हटले आणि शेकडा अडीचहून कमी नमुन्यांत नसून आहे म्हटले. रासायनिक पेट्यांच्या मानाने ही साक्ष पुष्कळच विश्वसनीय होती. २००६ साली एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी सोमल असता पाण्याची आम्लता बदलून रंग दाखविणारा जंतू मांडला. आणि २०१२ साली लाइपझिगच्या संशोधकांनी प्रत्यक्ष बांगलादेशात केलेल्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गोठवून सुकविलेले जंतू लहान बाटल्यांत बंद. सुईने त्यात नलिकेचे पाणी सोडावयाचे, काही वेळ थांबावयाचे आणि उमटलेला प्रकाश मोजावयाचा. गोसिओच्या बुरशीस जे साधले नाही, म्हणजे ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर, ते येथे साधले.

या साक्षीत रसायनाहून वेगळे असे एक तत्त्व आहे. यंत्र पाण्यातील एकूण सोमल मोजते. जंतू त्याच्या देहात जो शिरला तेवढाच सांगतो. लोहाच्या गाळाला घट्ट चिकटून बसलेला सोमल त्यास जाणवत नाही. म्हणून मोजणीपूर्वी पाण्यात थोडे आम्ल घालून तो मोकळा करावा लागतो. हे जंतूचे उणेपण म्हणता येईल. पण सजीवाला खरोखर बाधते किती, हे सजीवालाच विचारावे, या विचारात तथ्य नाही असे कोण म्हणेल?

६

इतके असूनही हे जंतू खेडोपाडी पोचले नाहीत. कारणे समजण्यासारखी आहेत. जिवंत वस्तू टिकवावी लागते, आणि बंगालच्या उन्हात ती सहज टिकत नाही. शिवाय हे जंतू जनुके बदललेले. ते प्रयोगशाळेबाहेर नेण्यास परवानगी लागते. आपल्या देशात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली केलेले नियम यास लागू होतात. बाटलीतून निसटून जंतू तळ्यात गेला तर काय, ही शंका अडाणी नव्हे. ज्या भूमीने तळ्यातील जंतूंमुळे एवढे भोगले तिने ती विचारावीच. परंतु परवानगीच्या कागदाची बाजू जितकी खरी, तितकीच तहानेचीही. एक बाजू नीट नोंदविली जाते म्हणून दुसरी नोंदविण्याचे राहून जाऊ नये.

आणि साक्षीदार कितीही सच्चा असला तरी त्यास जे विचारावे तेवढेच तो सांगतो. सोमलाचा जंतू फ्लोराइडविषयी मुका आहे. फिशरचा दीपधारी जंतू संकटाची वर्दी देतो, पण गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. म्हणून एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने नाव सांगावे, अशी दोघांची जोडी लागते. आणि दोघांच्या पाठीशी प्रयोगशाळेचा पक्का आकडा लागतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, साक्ष झाली तरी पाणी मिळत नाही. लाल रंगाच्या नलिकेवरही बाया पाणी भरीत राहिल्या. कारण हिरवी नलिका लांब होती आणि घरी मूल रडत होते. तपासणीपुढे पुरवठ्याचे काम उभे असते. ते जंतूचे नव्हे, ते आपले.

२००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात सेमरिया ओझापट्टी येथे, आणि त्यापाठोपाठ उत्तर प्रदेशाच्या बलिया जिल्ह्यात हेच विष सापडले. चोवीस परगण्यातील रोगी उजेडात येऊन तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती. नदी तीच, गाळ तोच. गंगेच्या वरच्या अंगालाही पाहावे, हे सुचण्यास इतका काळ लागला, याचे कारण यंत्रांचा अभाव नव्हे. कोणी विचारले नाही, एवढेच.

म्हणून पुढच्या बदलीच्या वेळी आपल्या घरातून ‘तिथलं पाणी कसं आहे हो?’ असा प्रश्न निघेल, तेव्हा तो बंगल्याच्या आवारातील नळापुरता ठेवू नये. कचेरीत रुजू झाल्यावर जिल्ह्याच्या पाण्याचा तक्ता मागवावा, त्यातील आकडे पाहावेत. आणि आकड्यांआधी, त्यात कोणकोणते रकाने आहेत ते पाहावे.